चार पिंपे, दोन गोदामे आणि हजार संगणक

महाडपासून काही किलोमीटर आत बिरवाडी लागते. तिच्या शेजारीच महाडची औद्योगिक वसाहत पसरली आहे. रसायने, रंगद्रव्ये आणि औषधांचा कच्चा माल तयार करणाऱ्या कारखान्यांची ही वसाहत. नोव्हेंबर २०२३ मध्ये येथील एका औषधनिर्मिती कारखान्यात स्फोट होऊन आग भडकली आणि कामगारांचे बळी गेले, तेव्हा या परिसराचे नाव राज्यभर पोहोचले. अशा दुर्घटनांची कारणे निरनिराळी असतात. मात्र रसायनांचे काम चालणाऱ्या कोणत्याही आवारात एक प्रश्न रोजचाच असतो: कोणते पिंप कोणाच्या शेजारी ठेवायचे? वरवर हा साठवणुकीचा, गोदामपालाच्या वहीतला प्रश्न वाटतो. प्रत्यक्षात संगणकशास्त्रातील एका अत्यंत अवघड प्रश्नाशी त्याचे सख्खे नाते आहे. तो सोडवण्यासाठी जगभर हजारो संगणक एकाच वेळी कामाला लावले जातात आणि तरीही, संगणक वाढवले म्हणजे काम भराभर उरकते, असा सरळ हिशेब येथे चालत नाही.

केवळ उदाहरणादाखल असे समजू की, एका कारखान्यात पूर्वेला एक आणि पश्चिमेला एक अशी दोनच गोदामे आहेत. साठवायची रसायने तीन: नायट्रिक आम्ल, सोडियम सायनाइड आणि अ‍ॅसिटोन. आम्ल आणि सायनाइड एकत्र आले तर हायड्रोजन सायनाइड हा प्राणघातक वायू तयार होतो. नायट्रिक आम्ल आणि अ‍ॅसिटोन यांची गाठ पडली तर स्फोटक अभिक्रिया संभवते. म्हणजे आम्ल एका गोदामात आणि उरलेली दोन दुसऱ्यात. प्रश्न सुटला. आता चौथे पिंप आले, सोडियम हायपोक्लोराइटचे. ते आम्लाजवळ नको, क्लोरीन वायू सुटेल. अ‍ॅसिटोनजवळही नको. प्रस्तुत प्रतिनिधीने ही मांडणी कागदावर करून पाहिली, तेव्हा पहिल्या खेपेस हायपोक्लोराइट बिनदिक्कत अ‍ॅसिटोनशेजारी ठेवले गेले होते! नीट पाहिले की लक्षात येते, आम्ल, अ‍ॅसिटोन आणि हायपोक्लोराइट या तिघांपैकी कोणतेही दोन एकत्र चालत नाहीत आणि गोदामे तर दोनच. कितीही फिरवाफिरव केली तरी उत्तर मिळणार नाही, कारण ते मुळात अस्तित्वातच नाही. तिसरे गोदाम बांधावे लागेल.

‘उत्तर सापडले नाही’ आणि ‘उत्तर नाहीच’ या दोन वाक्यांतील अंतर वाचकांनी लक्षात ठेवावे. पुढे जे काही येणार आहे, त्याचा सारा भार या अंतरावर आहे.

बूलचा वारसा

वरील प्रश्न गणिती भाषेत मांडायचा तर प्रत्येक रसायनासाठी एक विधान घ्यावे: ‘हे पिंप पूर्वेच्या गोदामात आहे.’ विधान खरे असेल किंवा खोटे, तिसरी शक्यता नाही. मग अटी लिहाव्यात: ‘आम्ल व अ‍ॅसिटोन दोन्ही पूर्वेला नकोत’, ‘दोन्ही पश्चिमेलाही नकोत’, इत्यादी. सगळ्या अटी एकाच वेळी पाळल्या जातील अशा रीतीने प्रत्येक विधानाला खरे किंवा खोटे ठरवता येईल काय, एवढाच प्रश्न उरतो. इंग्लिश गणितज्ञ जॉर्ज बूल यांनी १८५४ साली विचारांच्या नियमांवर जो ग्रंथ लिहिला, त्यातून खऱ्या-खोट्याचे हे बीजगणित रूढ झाले. म्हणून या प्रश्नाला बूलीय समाधेयतेचा प्रश्न असे म्हणतात. संगणकशास्त्रज्ञांच्या बोलण्यात त्याचे सुटसुटीत नाव आहे ‘सॅट’.

दोन गोदामांचा प्रश्न संगणक चुटकीसरशी सोडवतो, पिंपे लाखभर असली तरी. कारण एका पिंपाची जागा ठरली की त्याच्याशी वैर असलेल्यांची जागा आपोआप ठरत जाते. गंमत अशी की, तिसरे गोदाम आले की माणसाला काम सोपे वाटते आणि संगणकाला ते एकदम अवघड होते. एक जागा निषिद्ध ठरली तरी दोन उरतात, त्यांतली कोणती घ्यावी हे कळत नाही आणि अंदाज बांधावा लागतो. शंभर रसायने आणि तीन गोदामे असतील तर एकूण मांडण्या पाचावर ४७ शून्ये इतक्या होतात. सेकंदाला एकावर १८ शून्ये इतक्या मांडण्या तपासणारे यंत्र मिळाले, तरी विश्वाच्या आजवरच्या वयाच्या अब्जावधी पट काळ लागेल.

मग हजार यंत्रे जोडली तर? प्रत्येक नवीन रसायनागणिक मांडण्या तिपटीने वाढतात. सहा रसायने वाढली की ७२९ पट, सात वाढली की २,१८७ पट. म्हणजे एकामागून एक मांडणी तपासत जाण्याच्या पद्धतीत हजार संगणकांनी मिळून जे साधते, ते अवघ्या सहा पिंपांनी फस्त होते. समांतर संगणनाविषयीचा भाबडा उत्साह येथेच ओसरावा.

कॅनडातील टोरोंटो विद्यापीठाचे स्टीफन कुक यांनी १९७१ साली दाखवून दिले की, ज्यांचे उत्तर एकदा हाती आले तर चटकन पडताळता येते, असे सर्व प्रश्न सॅटच्या रूपात मांडता येतात. सोव्हिएत संघात लिओनिद लेविन स्वतंत्रपणे त्याच निष्कर्षाकडे गेले होते. १९७२ साली बर्कलेच्या रिचर्ड कार्प यांनी वेळापत्रके, वाहतूक, नकाशांचे रंग अशा परिचयाच्या २१ प्रश्नांची यादी देऊन ते सगळे एकाच जातकुळीचे असल्याचे सिद्ध केले. सॅटसाठी नेहमीच वेगाने चालणारी रीत सापडली तर या साऱ्यांसाठीच ती सापडेल. अशी रीत आहे किंवा नाही हे अद्याप कोणालाही सिद्ध करता आलेले नाही. अमेरिकेतील क्ले संस्थेने २००० साली या कोड्यावर दहा लाख डॉलरचे पारितोषिक लावले, ते तसेच पडून आहे.

पुढे कडा आहे, परत फिरा

असे असूनही आज लाखो विधाने आणि त्याहून कितीतरी जास्त अटी असलेले सॅट प्रश्न संगणक रोज सोडवतात. हे कसे, याचे उत्तर ताकदीत नसून चुकांच्या नोंदी ठेवण्यात आहे.

मार्टिन डेव्हिस आणि हिलरी पुटनम यांनी १९६० साली पहिली रीत मांडली. दोन वर्षांनी डेव्हिस, लोगमन आणि लव्हलँड यांनी तिला आजचे रूप दिले. एक अंदाज बांधायचा, त्यातून जे जे सक्तीने ठरते ते सारे ठरवून टाकायचे, विसंगती आली की मागे फिरून उलट अंदाज घ्यायचा. तीसेक वर्षे हीच वहिवाट होती. १९९६ साली मिशिगन विद्यापीठातील मार्केस-सिल्वा आणि साकल्ला यांनी तिच्यात एक महत्त्वाची भर घातली. विसंगती आल्यावर नुसते मागे फिरायचे नाही, ती कशामुळे आली हे शोधून त्याची एक नवी अट तयार करायची आणि ती कायम जवळ ठेवायची.

सह्याद्रीच्या रानात हरवलेले जनावर शोधणाऱ्या माणसाची कल्पना करावी. एका वाटेने तो खाली उतरला आणि पुढे कडा लागला. अननुभवी माणूस परत येऊन शेजारची वाट धरील आणि त्याच कड्यावर पुन्हा पोहोचेल. जाणता माणूस मात्र ओळखील की या दोन्ही वाटा ज्या फाट्यावरून निघतात तो फाटाच चुकीचा आहे, आणि तेथे डहाळी आडवी टाकून ठेवील. संगणकाने शिकलेली नवी अट म्हणजे ही आडवी डहाळी. २००१ साली प्रिन्स्टन विद्यापीठात शरद मलिक आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी तयार केलेल्या ‘चाफ’ या प्रणालीने ही सारी हालचाल इतकी वेगवान केली की, सॅट हा केवळ सिद्धान्ताचा विषय राहिला नाही, अभियंत्यांच्या हातातील हत्यार झाला.

त्या हत्याराची गरज किती होती, हे १९९४ साली इंटेल कंपनीला चांगलेच कळले होते. पेंटियम प्रोसेसरच्या भागाकारात एक दोष राहून गेला आणि चिप बदलून देण्यापोटी कंपनीला ४७ कोटी ५० लाख डॉलरची तरतूद करावी लागली. लक्षावधी आकड्यांवर चाचणी घेऊनही असा दोष निसटू शकतो. ‘हे सर्किट चुकीचे उत्तर देईल असा एखादा आकडा आहे काय?’ हा प्रश्न सॅटच्या रूपात विचारला आणि ‘नाहीच’ असे उत्तर आले, तरच निश्चिंत होता येते.

एकाचे दोन, दोनाचे चार

आता समांतर संगणनाकडे वळू. पुण्याच्या वाचकांना हा शब्द नवा नाही. अमेरिकेने हव्या त्या क्षमतेचा क्रे महासंगणक देण्यास नकार दिल्यानंतर १९८८ साली पुण्यात ‘सी-डॅक’ची स्थापना झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली ‘परम ८०००’ साकारला. एकच अजस्र प्रोसेसर मिळत नसेल तर अनेक साधे प्रोसेसर जोडून त्यांच्यात काम वाटायचे, हे त्यामागील सूत्र होते. परममध्ये ब्रिटनच्या इनमॉस कंपनीचे ‘ट्रान्स्प्युटर’ वापरले होते, शेजारच्या चिपशी थेट बोलण्याची सोय असलेले प्रोसेसर.

योगायोग असा की, सॅटसाठी झालेल्या सुरुवातीच्या मोठ्या समांतर प्रयोगांपैकी एक प्रयोगही ट्रान्स्प्युटरवरच झाला. जर्मनीतील माक्स ब्योम आणि एवाल्ड श्पेकेनमायर यांनी १९९० च्या दशकात तब्बल २५६ ट्रान्स्प्युटरवर शोधाचे काम विभागून दिले. हवामानाच्या गणितात अशी वाटणी स्वाभाविक असते. नकाशाचे चौकोन पाडावेत, प्रत्येक प्रोसेसरला एकेक चौकोन द्यावा, सगळ्यांचे काम जवळजवळ सारखेच. सॅटमध्ये तसे नसते. एका प्रोसेसरला ‘पहिले विधान खरे’ असे समजून शोधायला सांगितले आणि दुसऱ्याला ‘खोटे’ समजून, तर एकाला क्षणात कडा लागतो आणि दुसरा आठवडाभर रानात भटकतो. पहिला तोवर रिकामा. कोणाच्या वाट्याला किती रान आले हे चालून पाहिल्याशिवाय कळत नाही. म्हणून या दोघांनी काम मुळात वाटण्यापेक्षा ते सतत पुन्हा पुन्हा वाटत राहण्यावर भर दिला. रिकाम्या झालेल्याने व्यग्र शेजाऱ्याकडून रानाचा एक तुकडा मागून घ्यायचा. १९९६ साली हानताओ झांग आणि सहकाऱ्यांनी हेच तत्त्व साध्या वर्कस्टेशनच्या जाळ्यावर राबवले.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. सॅट सोडवताना बहुतांश वेळ जातो तो सक्तीचे निर्णय घेण्यात: हे ठरले म्हणून ते ठरले, ते ठरले म्हणून पुढचे ठरले. उभ्या सोंगट्यांची रांग एकीमागून एक कोसळावी तसे हे घडते. आधीची पडल्याशिवाय पुढची पडणार नाही, मग बाजूला शंभर माणसे उभी करून उपयोग काय? सक्तीच्या निर्णयांची ही साखळी समांतर करता येत नाही अशा प्रश्नांच्या वर्गात मोडते, असे सिद्धान्ती मंडळी मानतात. शिवाय सॅट सोडवणारी प्रणाली स्मृतीत सतत इकडून तिकडे उड्या मारते. त्यामुळे एकाच चिपवरील आठ कोअर एकदम कामाला लावले की स्मृतीकडे जाणाऱ्या सामायिक रस्त्यावर कोंडी होते आणि प्रत्येकाचाच वेग मंदावतो.

करमरकरांची वेगळी वाट

या इतिहासात एक मराठी नाव येते, आणि ते सहसा या संदर्भात घेतले जात नाही. नरेंद्र करमरकर हे ग्वाल्हेरच्या मराठी कुटुंबातले. मुंबईच्या आयआयटीतून १९७८ साली ते अभियंता झाले आणि पुढे बर्कलेत वर उल्लेख आलेल्या रिचर्ड कार्प यांच्या हाताखाली त्यांनी पीएच.डी. केली. १९८४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत असताना त्यांनी रेषीय प्रायोजनाची जी रीत शोधली, तिने त्यांना जगभर कीर्ती मिळवून दिली. त्याआधीची प्रचलित पद्धत शक्यतांच्या बहुपृष्ठकाच्या कडेकडेने चालत असे. करमरकरांची रीत त्याच्या पोटातून आरपार जाते.

हीच कल्पना त्यांनी सॅटला लावून पाहिली. कामत, रामकृष्णन आणि रेसेंदे या सहकाऱ्यांसमवेत १९९० साली प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात त्यांनी १०० ते १,००० विधाने आणि ३२,००० पर्यंत अटी असलेले, यादृच्छिक पद्धतीने तयार केलेले शेकडो सॅट प्रश्न सोडवून दाखवले. त्यांच्या रीतीत विधान लगेच खरे किंवा खोटे ठरत नाही. ते दोहोंच्या मधल्या अवकाशात तरंगत राहते आणि हळूहळू एका टोकाकडे सरकवले जाते. अंदाज, विसंगती, माघार हा सारा खटाटोप टळतो. त्याऐवजी मोठमोठी समीकरणे सोडवावी लागतात, आणि तेच काम महासंगणकांना सर्वांत चांगले जमते. लगेच पुढच्या वर्षी, १९९१ साली, करमरकरांनी अशी समीकरणे सोडवण्यासाठी प्रक्षेपी भूमितीवर आधारलेल्या एका नव्या समांतर यंत्ररचनेची कल्पनाही मांडली.

मात्र विस्तीर्ण रानात जनावर असेल तर ते हुडकून देणारी ही रीत, ते रानात नाहीच हे छातीठोकपणे सांगू शकत नाही. चिप तपासणाऱ्या अभियंत्याला तर नेमके तेच हवे असते. पुढल्या दशकात अटी शिकत जाणाऱ्या प्रणालींनी बाजी मारली आणि करमरकरांची वाट या क्षेत्रात आडवाट ठरली. जी रीत समांतर यंत्रावर सहज बसली असती ती मागे पडली आणि जी मुळातच एकामागून एक चालणारी आहे ती जिंकली! समांतर सॅटच्या संशोधकांची पुढची सगळी धडपड या विरोधाभासातून निघालेली आहे, असे म्हटले तर ते वावगे ठरू नये.

करमरकरांचा समांतर संगणनाचा ध्यास पुढेही सुटला नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी काम केले. टाटा समूहाने पुण्यात संगणकीय संशोधन प्रयोगशाळा उभारली, तेव्हा सुरुवातीच्या काळात त्यांचा तीत सहभाग होता. याच प्रयोगशाळेचा ‘एक’ हा महासंगणक नोव्हेंबर २००७ च्या जागतिक यादीत चौथा आणि आशियात पहिला आला. त्यात चौदा हजारांहून अधिक कोअर होते.

बोलावे किती?

२००५ च्या सुमारास प्रोसेसरचा वेग वाढायचा थांबला आणि एकाच चिपवर दोन, चार कोअर देण्याची प्रथा पडली. समांतर सॅट आता महासंगणकापुरते राहिले नाही, घरच्या संगणकावर आले. २००८ साली ‘मेनीसॅट’ या प्रणालीने काम वाटण्याची कल्पनाच सोडून दिली. चारही कोअरना पूर्ण प्रश्न द्यायचा, मात्र प्रत्येकाचा स्वभाव वेगळा ठेवायचा. कोणी लवकर निराश होऊन नव्याने सुरुवात करणारा, कोणी चिवट, कोणी खऱ्याकडे कललेला, कोणी खोट्याकडे. ज्याला प्रथम उत्तर मिळेल तो जिंकला आणि बाकीच्यांनी थांबायचे. जोडीला, शिकलेल्या अटी एकमेकांना कळवायच्या. ‘त्या फाट्याने जाऊ नका, पुढे कडा आहे’ ही हाक एका टेकडीवरून दुसऱ्या टेकडीवर जाऊ लागली.

अर्थात प्रत्येकाने प्रत्येक कड्याची बातमी ओरडून सांगितली तर ऐकण्यातच दिवस जाईल. एक प्रणाली सेकंदाला हजारो अटी शिकू शकते. म्हणून मेनीसॅटने नियम केला की, आठपेक्षा अधिक पदे नसलेल्या अटीच पाठवायच्या. अट जितकी छोटी तितके रानाचे अधिक मोठे क्षेत्र ती बाद करते, हा त्यामागील विचार.

या मंडळींची थोडी फजिती २०११ साली झाली. फ्रान्सच्या ऑलिव्हिए रुसेल यांनी ‘पीपीफोलिओ’ नावाची अगदी छोटी आज्ञावली त्या वर्षीच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरवली. ती स्वतः काहीच सोडवत नसे. इतरांनी केलेल्या उत्तम प्रणाली निरनिराळ्या कोअरवर सुरू करून द्यायची आणि स्वस्थ बसायचे. कोणाचा कोणाशी एका शब्दाचाही संवाद नाही. तरीही तिने पदके पटकावली. सहकार्याच्या चतुर योजना रचणाऱ्यांना नुसत्या स्वभावभिन्नतेने दिलेली ही चपराक होती.

मुंबई आयआयटीचे सुप्रतीक चक्रवर्ती, कुलदीप मील आणि मोशे वार्डी यांनी २०१३ साली मांडलेली रीत याच संदर्भात आठवते. उत्तर आहे की नाही एवढेच न विचारता, उत्तरे साधारण किती आहेत याचा विश्वासार्ह अंदाज ती देते. त्यासाठी सगळ्या शक्यतांचे यादृच्छिक तुकडे पाडून एकेका तुकड्यात मोजणी करावी लागते, आणि अशा फेऱ्या एकमेकींवर अवलंबून नसल्याने त्या वेगवेगळ्या यंत्रांवर बिनबोभाट चालवता येतात. संवाद लागतच नाही तेव्हा समांतर संगणनाला खरा बहर येतो.

दोनशे टेराबाइटचे ‘नाही’

२०११ सालीच मारिन हाय्ले, ऑलिव्हर कुलमन आणि सहकाऱ्यांनी वाटणीच्या जुन्या कल्पनेला नवे रूप दिले. रानाचे दोन-चार मोठे तुकडे पाडण्याऐवजी आधी सावकाश, विचारपूर्वक पाहणी करून लाखो बारीक तुकडे पाडायचे आणि मग ते यंत्रांना वाटायचे. तुकडा इतका लहान की कोणीही त्यात अडकून पडणार नाही.

या रीतीचा डंका २०१६ साली वाजला. तीन, चार, पाच किंवा पाच, बारा, तेरा अशी पायथागोरसची त्रिकुटे शाळेत सर्वांनी पाहिलेली असतात. आपल्याकडे शुल्बसूत्रांतही ती येतात. प्रश्न असा होता: एकपासूनच्या सर्व पूर्णांकांना लाल किंवा निळा रंग द्यायचा, पण कोणतेही त्रिकूट सबंध एकाच रंगाचे होऊ द्यायचे नाही. हे किती दूरवर जमेल? प्रत्येक आकड्यासाठी एक विधान, प्रत्येक त्रिकुटासाठी दोन अटी. हा सरळसरळ दोन गोदामांचा प्रश्न, फक्त येथे वैर दोघांत नसून तिघांत आहे, आणि तेवढ्यानेच तो भयंकर होतो. हाय्ले, कुलमन आणि व्हिक्टर मारेक यांनी सुमारे दहा लाख तुकडे पाडले आणि टेक्सासमधील ‘स्टॅम्पीड’ महासंगणकाचे ८०० कोअर दोन दिवस कामाला लावले. उत्तर मिळाले: ७,८२४ पर्यंत जमते, ७,८२५ ला जमत नाही. रोनाल्ड ग्रॅहम यांनी या प्रश्नावर लावलेले शंभर डॉलरचे बक्षीस हाय्ले यांना मिळाले.

‘जमते’ याचा पुरावा म्हणजे रंगांची एक यादी, ती कोणीही तपासावी. पण ‘जमत नाही’ याचा पुरावा काय? प्रत्येक वाटेवर कडा कसा आला, याची संपूर्ण नोंद. ती नोंद २०० टेराबाइटची झाली. माणसाने वाचायची तर अनेक जन्म पुरणार नाहीत. ती तपासायला दुसरी, अतिशय साधी आणि म्हणून विश्वासार्ह अशी आज्ञावली लागते. पुढे शूर यांच्या पाचव्या संख्येसाठी २०१७ साली याच रीतीने दिलेला पुरावा दोन पेटाबाइटपर्यंत गेला. अशा पुराव्याला गणित म्हणावे काय, यावर गणितज्ञांत मतभेद आहेत. चिप आणि आज्ञावल्या तपासणाऱ्यांना या वादात स्वारस्य नसते. त्यांना ‘नाही’ हे उत्तर खरे हवे असते, सुंदर नसले तरी चालते. तेव्हा पुराव्याचा आकार हा येथे खर्चाचा प्रश्न आहे, तत्त्वाचा नाही, असे प्रस्तुत प्रतिनिधीचे मत आहे.

पुण्यात हे काम रोजच्या व्यवहारात चालते. टाटा समूहाने १९८१ साली येथे स्थापन केलेल्या संशोधन, विकास व संरचना केंद्राची ‘व्हेरिअ‍ॅब्स’ ही प्रणाली, एखादी आज्ञावली कधी चुकीच्या अवस्थेत जाऊ शकते काय, हे तपासते. सॉफ्टवेअर पडताळणीच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत २०२० आणि २०२१ साली या प्रकारच्या प्रश्नांच्या गटात ती पहिली आली. अशा प्रणाली अनेक तंत्रांचा संच बाळगतात आणि समोरच्या आज्ञावलीचे स्वरूप पाहून त्यांतून निवड करतात. त्या तंत्रांपैकी काहींच्या पोटात सॅट सोडवणारे यंत्र धडधडत असते.

शिकलेल्या अटींची देवघेव करणाऱ्या यंत्रांच्या बाबतीत मात्र पुराव्याचा प्रश्न बरीच वर्षे अडून होता. २०२० पासून आंतरराष्ट्रीय सॅट स्पर्धेत मेघसंगणकांसाठी स्वतंत्र विभाग सुरू झाला. शंभर यंत्रे, एकूण १,६०० धागे. त्यात जर्मनीतील कार्ल्सरूह येथे डोमिनिक श्रायबर आणि पीटर सँडर्स यांनी घडवलेली ‘मॅलॉब’ ही प्रणाली पहिली आली. तिच्यात सर्व यंत्रांच्या अटी ठरावीक अंतराने एकत्र होतात, गाळल्या जातात आणि मोजक्याच पुन्हा सर्वांना दिल्या जातात. वेग मिळाला, पण ‘नाही’ हे उत्तर आल्यावर त्याची साक्ष कोण देणार? एका यंत्राने काढलेला निष्कर्ष दुसऱ्याने आठशे किलोमीटरवरून आलेल्या अटीच्या आधारे काढलेला असू शकतो, आणि ती अट तिसऱ्याच्या अटीवरून आलेली असू शकते. नोंदींच्या शंभर वह्या, आणि प्रत्येकीत दुसरीचा हवाला.

२०२३ साली श्रायबर, हाय्ले आणि अमेझॉन कंपनीतील संशोधकांनी यावर मार्ग काढला. प्रत्येक अटीला सर्व यंत्रांत मिळून एकमेव असा क्रमांक द्यायचा, ती कोणकोणत्या क्रमांकांच्या अटींवरून निघाली हे तिच्यासोबत लिहायचे आणि उत्तर मिळाल्यावर शेवटाकडून मागे येत, लागतील तेवढ्याच नोंदी सगळ्या वह्यांतून गोळा करून एकच सलग पुरावा रचायचा. हे मागे येण्याचे कामही सर्व यंत्रे मिळूनच करतात.

आपल्या चार पिंपांच्या प्रश्नाचा असा पुरावा दोनच वाक्यांचा होतो. आम्ल पूर्वेला ठेवले तर अ‍ॅसिटोन व हायपोक्लोराइट दोन्ही पश्चिमेला जातात, आणि ते चालत नाही. आम्ल पश्चिमेला ठेवले तर दोन्ही पूर्वेला जातात, तेही चालत नाही. हा पुरावा गोदामाच्या दारावर खडूने लिहिता येईल.